ही लोकल सर्व टॅबांवर थांबेल

नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत एक माणूस असतो. टेबलावर कुंडी, कुंडीशेजारी कॉफी, कॉफीशेजारी लॅपटॉप आणि लॅपटॉपवर एकच नोंद उघडी. नोंदीचं शीर्षक 'माझी स्वप्नं' किंवा असंच काहीतरी. माणूस प्रसन्न दिसतो. का दिसू नये? त्याला दुसरी नोंद बघायचीच नाहीये.

दुसरी नोंद उघडली की प्रसन्नपणा संपतो आणि टॅब सुरू होतात.

कामाच्या माणसाचा पडदा बघा. भाडेकराराचा मसुदा, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, औषधांची यादी, मुलीच्या प्रोजेक्टची जमवाजमव, अर्धवट लेख, त्या लेखाची 'फायनल' प्रत, मग 'फायनल २'. टॅब इतके की प्रत्येकाच्या वाट्याला नावाची दीड अक्षरं येतात. 'सो…' म्हणजे सोसायटी की सोनोग्राफी, हे उघडल्याशिवाय कळत नाही. मूळ कल्पना नेमकी उलटी होती. जेम्स न्यूटन गन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १८९७ साली टॅबवाल्या कार्डाचं पेटंट घेतलं. कार्डाच्या डोक्यावर हा कान काढला तो एवढ्यासाठी, की कार्ड बाहेर न ओढता आत काय आहे ते समजावं. सव्वाशे वर्षांच्या प्रगतीनंतर आपल्याकडे असा कान आहे, की कान कशाचा हे बघायला कार्ड ओढावं लागतं.

पण टॅब फार झाले हा काही आजचा विषय नाही. त्यावर उपदेश करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचेही टॅब पुष्कळ आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी २०२१ साली यावर एक अभ्यास मांडला. लोक टॅब बंद का करत नाहीत, याचं त्यांना सापडलेलं एक कारण असं, की एकदा बंद केला म्हणजे ती गोष्ट कृष्णविवरात गेली, अशी भीती वाटते. मला ही भीती अगदी रास्त वाटते. शोधल्यावर नोंद सापडेल असा भरवसा असता, तर माणसानं टॅब उघडा ठेवून रात्रभर जागवला कशाला असता?

आजचा विषय याहून बारीक आहे, आणि डोळ्यांत गेलेल्या कुसळाइतकाच त्रासदायक. कंट्रोल दाबून टॅबची कळ मारली की पुढे कोण येतं?

एवढंच. हसू नका. याची उत्तरं दोन आहेत आणि त्या दोन उत्तरांच्या मध्ये आपला दिवस चेंगरतो.

पहिलं उत्तर रांगेचं. पट्टीवर उजवीकडे जो बसलाय तो येईल, मग त्याच्या उजवीकडचा. शेवटचा संपला की पुन्हा पहिला. तुम्ही आत्ता कुठून आलात, तिथं काय करत होतात, याच्याशी सॉफ्टवेअरला कर्तव्य नाही. दुसरं उत्तर आठवणीचं. आत्ता ज्या टॅबवर होतात, त्याच्याआधी जिथं होतात तिथं नेऊन सोडतो. पुन्हा दाबलंत तर परत इकडे आणतो. दोन नोंदी, एक कळ, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे.

हे दुसरं तुम्हाला ठाऊक आहे. आल्ट-टॅब गेली तीसेक वर्षं असंच वागतंय. १९९२ च्या विंडोज ३.१ वर ज्यांनी हात बसवला, ते आता निवृत्त होऊन नातवंडांना शाळेत सोडायला जातात. पण आल्ट-टॅब म्हटलं की त्यांचा अंगठा आजही आपोआप योग्य जागी जातो. डोक्यातून गेलं तरी बोटांतून जात नाही. आणि नेमक्या त्याच बोटांना, एकच कळ बदलून, एका खिडकीच्या आत वेगळाच कायदा लागू होतो.

लिहिणाऱ्याच्या कामाचा साचा बघितला तर ते बहुतेक वेळा दोन जागांचं असतं. एका जागी टिपण, दुसऱ्या जागी लिखाण. वकिलाकडे साक्षीची नोंद आणि अर्ज. भाषांतरकाराकडे मूळ मजकूर आणि आपला मजकूर. प्रबंध लिहिणाऱ्या मुलीकडे वाचलेल्या पुस्तकांची टिपणं आणि मार्गदर्शकांनी लाल करून परत पाठवलेलं प्रकरण. या सगळ्यांना सॉफ्टवेअरकडून एकच गोष्ट हवी असते: जिथून आलो तिथं परत ने. दुसरा मेंदू नको, तिसरा डोळा नको, ज्ञानाचा बगीचा नको. परत ने, बाबा.

समजा तिसऱ्या टॅबवर टिपण आहे आणि अकराव्यावर लेख. टिपणातलं एक साल उचलून लेखात टाकायचंय. आठवणीच्या कायद्यात हे एका टिचकीचं काम. रांगेच्या कायद्यात ही धीमी लोकल आहे. मधली सात स्टेशनं घेतल्याशिवाय अकरावं येत नाही, आणि प्रत्येक स्टेशनावर कुणी ना कुणी चढतं. चौथ्यावर लाइट बिलाचा ग्राहक क्रमांक. पाचव्यावर गॅस एजन्सीला करायचा राहिलेला फोन. सहाव्यावर 'वाचायलाच हवीत अशी पुस्तकं', ज्यांतलं एकही वाचलेलं नाही. सातव्यावर सोसायटीचं इतिवृत्त, ज्यात आपलं आडनाव चुकीचं छापलंय. आता इथं कोण उतरणार नाही? माणूस उतरतो, आडनाव दुरुस्त करतो, खजिनदारानं पाण्याच्या टाकीवर केलेला खर्च वाचून तापतो, आणि पुन्हा गाडी पकडून अकराव्यावर पोचतो तेव्हा साल १९४५ होतं की १९५४, हे विसरलेलं असतं. परत तिसरं स्टेशन.

मानसशास्त्राच्या लोकांनी हे आपल्या पद्धतीनं सांगून ठेवलंय. एक काम सोडून दुसऱ्यात शिरलं तरी लक्षाचा काही अंश पहिल्यातच रेंगाळतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ च्या आपल्या निबंधात मांडलं. म्हणजे खजिनदार लेखात शिरतो. कॅलिफोर्नियात, अर्व्हाइनच्या विद्यापीठात ग्लोरिया मार्क यांनी माणसं एका पडद्यावर किती वेळ टिकतात ते मोजलं. २००४ च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटं, अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंद. हा आकडा आला की आपल्याकडची वडीलधारी मंडळी तरुण पिढीला, मोबाइलला आणि जमल्यास पाश्चात्त्य संस्कृतीला एका दमात झोडून काढतात. त्या ४७ सेकंदांतले काही सेकंद बिचारा माणूस नुसता आपला टॅब शोधत असेल, असा संशय कुणाला येत नाही. मला येतो.

आता कोणाचा कायदा कोणता, ते बघू. इथं खरी गंमत आहे.

क्रोम ब्राउझर पहिल्यापासून रांगेवाला. फायरफॉक्समध्ये २०१८ पासून नव्यानं येणाऱ्यांना आठवणीचा क्रम आपोआप मिळतो, आणि नको असेल तर सेटिंगमध्ये पहिल्याच पानावर चौकटीतली खूण काढता येते. एक चौकट, एक खूण, विषय संपला. प्रोग्रॅमर लोक ज्यांत बसून प्रोग्रॅम लिहितात, त्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये आणि सब्लाइम टेक्स्टमध्ये कंट्रोल-टॅब आठवणीनं चालतं. नोटपॅड प्लस प्लस हे २००३ पासूनचं जुनं खोड. तेही 'अलीकडे वापरलेलं आधी' असा पर्याय देतं.

आणि खास नोंदींसाठी केलेलं सॉफ्टवेअर? ऑब्सिडियनचं उदाहरण घ्या. जगभरच्या नोंदखोरांचं हे लाडकं लेकरू. त्याला टॅब आले २०२२ च्या ऑक्टोबरात, १.० आवृत्तीबरोबर. कंट्रोल-टॅब रांगेनं. आठवणीचा क्रम हवा असेल तर कुणा परोपकारी माणसानं फावल्या वेळात लिहिलेलं प्लगिन शोधा, बसवा आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत ते चालत राहो म्हणून देवाला हात जोडा.

म्हणजे बघा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या कामासाठी जी हत्यारं निवडली, ती आठवण ठेवतात. त्याच हत्यारांनी त्यांनी आपल्यासाठी जे घडवलं, ते रांग लावतं. स्वतः फास्टनं जायचं, आपल्याला स्लोमध्ये बसवायचं, वर विचारायचं, 'प्रवास कसा झाला? पाच तारे द्या.'

रांगेच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर त्या पक्षाची पत्रं येतील. रांग डोळ्यांना दिसते, आठवण दिसत नाही. बारा विद्यार्थ्यांचे निबंध बारा टॅबांत उघडून एकामागून एक तपासायचे असतील, तर रांगच बरी. तिथं 'मघाशी कुठे होतो' याला अर्थ नाही, पुढचा कोण याला आहे. आठवणीच्या क्रमात तीनचार टॅब मागे जायचं झालं, की कोण कितव्या नंबरावर सरकलाय हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. समोर यादी आली तरच निभतं. आणि ज्यांचे दोनच टॅब उघडे असतात, त्यांना दोन्ही कायदे सारखेच. अशा माणसांनी हे सदर इथंच सोडून द्यावं आणि जाहिरातीत काम मिळतं का ते बघावं.

माझा भाचा हिंजवडीत आयटीत आहे. हे सगळं त्याच्यासमोर मांडलं.

"मामा, तुम्ही शॉर्टकट बदलून घ्या ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"कुठे बदलायचा?"

"सेटिंग, मग हॉटकीज. तिथं शोधा."

"शोधलं. 'पुढचा टॅब' आहे, 'मागचा टॅब' आहे. मागचा म्हणजे डावीकडचा. मघाचा कुठाय?"

त्यानं लॅपटॉप ओढून घेतला, खाली-वर केलं, एक जांभई दिली. "हां, तो नाहीये. पण मामा, हे बघितलंत का?" आणि त्यानं सगळ्या नोंदींचा नकाशा उघडून दाखवला. काळ्या पडद्यावर ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा, माऊस नेला की सगळं जाळं रबरासारखं हलतं. सोसायटीचं इतिवृत्त एका कोपऱ्यात एकटंच तरंगत होतं. मी म्हटलं, सुंदर आहे. तो म्हणाला, "झूम पण होतं."

ही या धंद्याची खरी गोम आहे. झूम होणारा नकाशा जाहिरातीत दाखवता येतो. 'आमच्याकडे कंट्रोल-टॅब दाबलं की तुम्ही मघाच्या नोंदीवर परत जाल' यावर कुणी फिल्म काढत नाही. दिवसाला शेकड्यानं दाबली जाणारी कळ विक्रीच्या दृष्टीनं शून्य, आणि महिन्यातून एकदा पाहुण्यांना दाखवायचा नकाशा म्हणजे भांडवल. आता तर प्रत्येकाकडे कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. ती तुमच्या सगळ्या नोंदी वाचून त्यांचा सारांश देते. सारांश बहुधा असा: 'तुमच्याकडे पुष्कळ नोंदी आहेत.'

बरं, कळ सुधारली तरी काम भागत नाही. टॅबवर परतल्यावर आपण कुठं परततो, हा वेगळा मामला. सभ्य सॉफ्टवेअरात तुम्ही जी ओळ वाचत होतात तीच ओळ, जिथं कर्सर लुकलुकत होता तिथंच कर्सर. असभ्य सॉफ्टवेअर तुम्हाला नोंदीच्या डोक्यावर नेऊन ठेवतं. चाळीस पानांचं टिपण, आपण एकतिसाव्या पानावर, जरा शेजारी डोकावून आलो तर हे पान पहिलं उघडून उभं. पोथी वाचणारासुद्धा उठताना खूण घालून उठतो. इथं तीन गिगाहर्ट्झचं यंत्र आहे आणि त्याला एक आकडा लक्षात ठेवणं जड जातं. त्याहून पुढची पायरी म्हणजे, टॅब बंद करून पुन्हा उघडला की केलेली दुरुस्ती मागे घेण्याची सोयही गायब. काय खोडलं होतं ते खोडणारा जाणे.

टॅब बंद केल्यावर नजर कुठं पडावी, यावरही एकमत नाही. कुणी उजव्या शेजाऱ्याकडे पाठवतं, कुणी डाव्या, कुणी जिथून आलात तिथं. तीन सॉफ्टवेअरं वापरणाऱ्या माणसाला तीन रिवाज पाळावे लागतात. शिवाय एकच नोंद दोनदा उघडण्याची सोय आहे, आणि ती मागितलेली नसते. यादीतून नाव दाबलं की आधी उघडलेल्या टॅबकडे न जाता दुसरा टॅब, तीच नोंद. आपण एकीत सुधारणा करायची आणि दुसरीतही ती आपोआप उमटली की दचकायचं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते, ती व्हिज्युअल स्टुडिओ कोडमधली. फाइलवर एकदा टिचकी मारली तर टॅबचं नाव तिरक्या अक्षरांत येतं. म्हणजे ही फाइल नुसती डोकावून बघायला उघडली आहे, मुक्कामाला नाही. दुसरी फाइल उघडली की तीच जागा ती घेते. दोनदा टिचकी मारली किंवा काही लिहिलं, की अक्षरं सरळ होतात आणि टॅब घरचा होतो. ज्याला हे सुचलं त्याला माणूस कळतो. आपण उघडतो त्यातलं बरंचसं नुसतं डोकवायलाच उघडतो. तरी कित्येकांना हे आवडत नाही, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करतात आणि मग ऐंशी टॅब झाले म्हणून रडतात. त्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही.

विंडोजमधलं नोटपॅड १९८५ पासून बिनटॅबचं होतं. एक कागद, एक खिडकी, फोन आला की नंबर लिहायचा, फोन संपला की सेव्ह न करता फुली मारायची. २०२३ मध्ये त्यालाही टॅब फुटले, आणि न साठवलेलं लिखाण पुन्हा उघडल्यावर जसंच्या तसं हजर होऊ लागलं. लोक खूश झाले. मला त्या फुलीची आठवण येते. तो एकच कागद होता जो विसरणं जाणत होता. मायक्रोसॉफ्टला एकूण टॅबांची इतकी माया, की २०२० च्या ऑक्टोबरातल्या विंडोज १० च्या अपडेटनं आल्ट-टॅबमध्येही एज ब्राउझरचे उघडे टॅब घुसवले. खिडक्या-खिडक्यांत जायचा तो एक सरळ रस्ता होता, त्याच्यावरही पथारीवाले बसले. उठवता येतात, पण त्यासाठी सेटिंगमध्ये 'मल्टिटास्किंग' कुठं आहे ते शोधायला हवं.

इथपर्यंत जे सांगितलं ते कोणत्याही भाषेत लिहिणाऱ्याचं दुखणं. मराठीत लिहिणाऱ्याला वर एक खास आहेर आहे, आणि त्याबद्दल त्या प्रसन्न माणसाच्या कंपन्यांना काही कल्पना नाही.

टिपण इंग्रजी, लेख मराठी. निम्म्या महाराष्ट्राचं लिखाणकाम असंच चालतं. लेखाच्या टॅबवर आहोत, कळपाट इनस्क्रिप्टवर, बोटं जोरात. टिपणाच्या टॅबवर गेलो, 'मीटिंग' असा इंग्रजी शब्द टाइप करायला घेतला, आणि पडद्यावर उमटलं 'सााूगलु'. स, त्याला दोन काने, मग कुणाच्याच आधाराशिवाय लटकलेला दीर्घ उकार, आणि शेवटी 'गलु'. हे खोडायचं, विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलायची, मीटिंग लिहायची, लेखावर परतायचं. 'आणि' लिहायला जावं तर रोमन 'ई', 'सी', 'एफ' तीनही हजर, पहिली दोन मोठ्या लिपीत, एखाद्या सरकारी योजनेचं नाव असावं तशी. खोडा, बदला, पुन्हा लिहा. भाषा बदलायची दुसरी कळ आल्ट-शिफ्ट. ती आल्ट-टॅबच्या इतकी शेजारी, की चौथ्या-पाचव्या फेरीला खिडकी बदलायची तर भाषा बदलते आणि भाषा बदलायची तर खिडकी.

याला उपाय आहे, पण अर्धा. विंडोज ७ पर्यंत प्रत्येक खिडकी आपापली भाषा लक्षात ठेवायची. २०१२ च्या विंडोज ८ पासून सगळ्या पडद्याची भाषा एक झाली. जुनी सोय हवी असेल तर कळपाटाच्या प्रगत सेटिंगमध्ये 'प्रत्येक अॅपच्या खिडकीला वेगळी भाषा वापरू द्या' अशा अर्थाची चौकट आहे, तिच्यात खूण करायची. मात्र ती खिडकीला लागू, टॅबला नाही. एका खिडकीतल्या सगळ्या टॅबांची भाषा एकच. एकत्र कुटुंबात असतं तसं, सगळ्यांना एकच भाजी. नोंदीला स्वतःची भाषा असू शकते आणि त्या टॅबवर गेलं की कळपाटानं मुकाट्यानं तीच धरावी, हे करणं फार अवघड असेल असं मला वाटत नाही. करणाऱ्याच्या घरी दोन लिप्या असत्या तर कधीच झालं असतं.

या नोंदखोरांचे एक संत आहेत, निक्लास लूहमान. जर्मन समाजशास्त्रज्ञ, बीलेफेल्ड विद्यापीठातले, १९९८ मध्ये वारले. लाकडी खणांत नव्वद हजारांच्या आसपास चिठ्ठ्या, प्रत्येकीला क्रमांक, एकीवरून दुसरीवर जाण्याचे निर्देश. प्रत्येक नवं नोंदींचं सॉफ्टवेअर त्यांचं नाव घेऊन बाजारात येतं. पण एवढं लांब कशाला जायचं? पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. प्रा. सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केलं. दीडेक हजार ग्रंथांतून शब्द वेचून केलेल्या चिठ्ठ्या तिथं एक कोटीच्या घरात आहेत, पहिला खंड सत्तरच्या दशकात निघाला, आणि खंड तिशी ओलांडून गेले तरी गाडी अजून 'अ'वरच आहे. कुणी म्हणेल, बघा, टॅब नसले की असं होतं. मी म्हणेन, एका शब्दासाठी खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर मांडला की त्या सगळ्या एकदम दिसतात. शेजारी लिहायचा कागद. कोणी कोणाच्या मागे लपत नाही, पाचवी चिठ्ठी बघायची म्हणून दुसरी नाहीशी होत नाही.

टॅबची मेख हीच आहे. एक दाखवायचा तर बाकीचे झाकायचे, हा त्याचा जन्मस्वभाव. मग कितीही हुशारीनं अदलाबदल केली तरी ती अदलाबदलच. आणि हे आधी ओळखलं गेलं होतं. १९४५ च्या जुलैत, 'अटलांटिक' मासिकात व्हॅनिव्हार बुश यांनी 'मेमेक्स' नावाच्या, कधीच न बनलेल्या यंत्राचं वर्णन केलं. टेबलाच्या आकाराचं, आत मायक्रोफिल्मवर माणसाची सगळी पुस्तकं, पत्रं, टिपणं. वर कललेले पडदे. एक दांडी उजवीकडे सरकवली की पान उलटणार, जास्त सरकवली की दहा-दहा पानं, त्याहून जास्त तर शंभर-शंभर. आणि बुश यांनी जाता जाता एक साधी गोष्ट लिहून ठेवली: पडद्यावर जागा एकाहून जास्त असल्यामुळे एक मजकूर जागेवर ठेवून दुसरा बोलावता येईल. त्या लेखातून पुढच्या पिढीनं दुवे घेतले, वाटा घेतल्या, ज्ञानाचं जाळं घेतलं. हे वाक्य राहिलं.

ते घरच्या घरी अमलात आणता येतं. टिपणाचा टॅब धरून पट्टीबाहेर ओढायचा. बऱ्याच सॉफ्टवेअरांत त्याची वेगळी खिडकी होते. मग विंडोजची कळ आणि डावा बाण, टिपण डाव्या अर्ध्यात. लेखाला उजवा बाण. ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. मघाच्या त्या भाषेच्या चौकटीत खूण करून ठेवली असेल, आणि सॉफ्टवेअरानं ऐकलं, तर डावी खिडकी इंग्रजी धरते आणि उजवी मराठी. साल डाव्या डोळ्याला दिसतं आणि उजव्या बाजूला उतरतं. कंट्रोल-टॅब दाबायची पाळीच येत नाही. ज्यांच्या सॉफ्टवेअरात खिडकी वेगळी होत नाही, त्यांनी टिपणं चक्क छापून घ्यावीत. कागदाला आल्ट-टॅब लागत नाही. आणि ज्यांचा लॅपटॉप तेरा इंची आहे, त्यांना दोन खिडक्या मावण्यासाठी अक्षर बारीक करावं लागेल, त्यानं चष्म्याचा नंबर वाढेल, आणि ते बिल कुणाच्या नावानं फाडायचं यासाठी मी सगळं सेटिंग धुंडाळलं. तसली चौकट कुणीच दिलेली नाही.